गिरणीवालीचं पत्र

४ सप्टेंबर

मामा,

नमस्कार, आणि हे घे हाताने लिहिलेलं पत्र. शाळा सुटल्यापासून इतकं सलग मी काही लिहिलेलं नाही, त्यामुळे अक्षराला नावं ठेवू नकोस. छत्तीस वर्षं तू लोकांची गिचमिड अक्षरं वाचून बरोबर त्या त्या दारात पत्रं टाकलीस, तर भाचीचं एक वाचशीलच.

आपला करार लिहून काढते, म्हणजे नंतर तुला हात झटकता येणार नाहीत. मी माझा जुना लॅपटॉप पाठवलाय. त्यात गेम घालून दिलाय. तो तू रोज तासभर खेळायचा. बदल्यात मी फोन करायचा नाही, पत्र लिहायचं, कारण फोनवर माणसं नुसतं हं हं करतात असं तुझं म्हणणं आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू दिवसभर खिडकीत बसून नव्या पोस्टमनच्या चुका मोजतोस, अशी खबर शेजारीणकाकूंकडून आली. त्या पोस्टमनची दया येऊन मी हे करतेय.

गेम म्हणजे एकट्याने मांडायचा पत्त्यांचा डाव नाही. एक अख्खं जग आहे, त्यात गावं, रस्ते, डोंगर, राक्षस. त्यात एका वेळी हजारो माणसं फिरतात, सगळी खरी, आपापल्या घरी बसलेली. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि कामगिऱ्या करत जायचं. जितक्या कामगिऱ्या कराल तितकी लेव्हल वाढते. आमची सहा जणांची टोळी आहे. आमचा सरदार दिवसा लोकांचे दात काढतो आणि रविवारी सकाळी दहाला राक्षसांचे. त्या वेळी तूही ये.

आता मुद्द्याचं. तुझी ती व्यायामवाली बाई मला फोनवर म्हणाली की तीन महिन्यांत गुडघा पुरता वाकला नाही आणि तू जिना चढउतार करायला लागला नाहीस, तर पाय कायमचा ताठ राहील. डिसेंबरच्या दोन तारखेला तपासणी आहे. म्हणून प्रत्येक पत्रात एक ओळ गुडघ्याची हवी.

माझं बरं चाललंय. लिफ्टच्या कंपनीत हेल्पलाइनवर बसते. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस फोन करतो आणि आमचा कारागीर पोचेपर्यंत मी त्याच्याशी बोलत राहते. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे आणि आमच्याच इमारतीची लिफ्ट जूनपासून बंद आहे. बासष्ट पायऱ्या. रोज मोजते आणि रोज वरिष्ठांना सांगते.

तुझी,
भिंगरी


११ सप्टेंबर

भिंगरीस,

मामाचा आशीर्वाद. पत्र चौथ्या दिवशी मिळालं. आमच्या काळात तिसऱ्या दिवशी मिळालं असतं. पाकिटावर तिकीट वाकडं लावलंयस. असो.

शेजारीणबाईंनी यंत्र सुरू करून दिलं. पहिल्यांदा विचारलं, तुम्हाला काय व्हायचंय. योद्धा, जादूगार, तिरंदाज, चोर. चोर हा धंदा म्हणून यादीत छापलाय हे बघून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. यादीच्या शेवटी 'वाटसरू' होता. त्याच्याकडे तलवार नाही, मंत्र नाही. दोन पाय आणि एक पिशवी. मला तेवढंच चालवता येतं, म्हणून तो घेतला. नाव 'पोस्टमन' टाकलं तर म्हणे ते कुणीतरी आधीच घेतलंय. मग माझ्या जुन्या बीटचं, रोजच्या वाटपाच्या हद्दीचं टाकलं, बीट सात. चेहरा निवडायला दोन मिनिटं लागली. बूट निवडायला चाळीस. टाच पक्की हवी, टोकाला बोटांना जागा हवी. यांच्याकडे सगळे बूट नुसते दिखाऊ.

गावात शिरलो. पहिल्या घरापाशी गेलो तर दार वाजवायचं बटण सापडेना. म्हणून उभा राहिलो. पंचवीस मिनिटं उभा होतो. तेवढ्यात शिंगं लावलेला एक इसम माझ्या अंगावरून धाडकन घरात शिरला, फडताळातलं भांडं उचललं आणि चालता झाला. आतली म्हातारी हूं की चूं करेना. कसली माणसं आहेत तुमच्या या गावात?

दुसऱ्या एकाने मला विचारलं, "लेव्हल?" मी एका बोटाने टाइप करतो. "नमस्कार, मी आजच आलोय, आपण कुठले" एवढं होईपर्यंत तो डोंगरापलीकडे गेला होता. तिसरी एक बाई माझ्यापुढे येऊन नाचायला लागली. मी अनोळखी माणसांसमोर नाचत नाही. मान हलवायचं बटण मात्र सापडलंय, ती हलवली.

चौकात कामांचा फलक आहे. दहा लांडगे मारा. राक्षसाचं शिंग आणा. सगळ्यांची तिथे झुंबड. फलकाच्या अगदी खाली, गुडघे टेकूनच दिसेल अशा जागी एक चिठ्ठी होती: हे पत्र पुलापलीकडच्या कुंभाराला द्या. भिंगरे, मी ते दिलं. कुंभार म्हणाला, "फार उपकार झाले." मग न्हाव्याचं दिलं, मग विहिरीवरच्या बाईचं. जेवणाआधी तीन पत्रं. नोकरीत असताना वर्षभरात तीन जण आभार मानायचे नाहीत.

गुडघा ठीक.

मामा


१७ सप्टेंबर

मामा,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचत होते आणि बुटांपाशी आले तेव्हा नेमका फोन आला. एक गृहस्थ चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकले होते. घाबरून श्वास वर लागलेला. काय बोलावं सुचेना म्हणून मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. पंचवीस मिनिटं दारात उभा होतो, हे ऐकल्यावर ते हसायला लागले. कारागिराने दार उघडलं तर म्हणतात, "थांबा हो, नाचणाऱ्या बाईचं काय झालं ते ऐकू द्या." तेव्हा तू आता अनोळखी लोकांतही प्रसिद्ध आहेस.

रविवारी आलास, फार बरं वाटलं. माझ्याखेरीज टोळीतल्या पाचही जणांना तू एकेक करून मान हलवून नमस्कार केलास त्याने सरदार पार विरघळला. पण मामा, आम्ही सगळे गुहेत राक्षसाशी लढत होतो आणि तू बाहेर उभा होतास. का, तर "आत कुणाचं टपाल नव्हतं." लेव्हल दोनवर किती दिवस राहणार?

आणखी एक. तुझ्या पिशवीत मला गिरणीवालीचं पत्र दिसलं. ते टाकून दे. म्हणजे टाकता येत नाही, तीच तर गंमत आहे. उत्तरेच्या वाटेवरची बंद पडलेली पाणगिरणी, तिच्या पायरीवर बसलेली ती बाई नव्या माणसाला हमखास ते पत्र देते, नदीवरच्या नावाड्यासाठी. आणि नावाडी तिथे नसतोच. गेम बनवणाऱ्यांची चूक आहे, सहा वर्षं कुणी दुरुस्त केलेली नाही. ज्याच्या त्याच्या पिशवीच्या तळाशी ते पत्र पडलेलं असतं. माझ्याही आहे. तिकडे जाऊ नकोस, वाटेत लांडगे आहेत, तुझा एका चाव्यात फडशा पडेल.

'गुडघा ठीक' हे उत्तर नाही. किती वाकतो? जिना उतरतोस का? तुमच्या अठरा पायऱ्या, माझ्या बासष्ट. लाज वाटू दे.

भिंगरी


२४ सप्टेंबर

भिंगरीस,

टपाल टाकून दे, हे वाक्य माझ्या सख्ख्या बहिणीच्या पोटच्या मुलीने लिहावं. मी ते दोनदा वाचलं आणि पाणी प्यायलो.

मी गेलो. लांडगे भेटले. सात होते. तुम्ही लोक त्यांना बघितलं की पळता किंवा तलवार काढता. मी छत्तीस वर्षांत एकूण चार वेळा कुत्रा चावून घेतलाय, चारही वेळा पळताना. म्हणून थांबलो, मग नेहमीच्या चालीने सरळ पुढे गेलो. लांडग्यांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा झोपले. चालणाऱ्याला ते काही करत नाहीत. सहा वर्षांत तुमच्यापैकी एकजणही तिथून चालत गेला नाही का?

नावाड्याची झोपडी सापडली. दाराला कडी, आत कुणी नाही, होडी उपडी घातलेली. आता ऐक. माणूस घरी नाही म्हणजे पत्ता चुकीचा, असं होत नाही. तो बाजारात गेला असेल, लेकीकडे गेला असेल. आमच्याकडे पद्धत होती: तीन वेगवेगळ्या दिवशी तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीलाही भेटला नाही तर पत्र पाठवणाऱ्याला परत. तुमच्यासारखं एकदा डोकावून पिशवीच्या तळाला टाकायचं नाही. माझी एक फेरी झाली.

गुडघा उत्तम. रोज जिना उतरून कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत जातो. हे पत्रही स्वतःच टाकणार आहे. झालं समाधान?

मामा


१ ऑक्टोबर

मामा,

मी दहा वर्षांची असताना तू मला भिंग आणून दिलंस आणि पाकिटावरचा शिक्का वाचायला शिकवलंस. कुठल्या पोस्टाचा, कुठल्या तारखेचा, सकाळच्या थैलीतला की दुपारच्या. मी सुट्टीत तुझ्याकडे आले की आपण जुनी पाकिटं पसरून बसायचो.

ते भिंग अजून माझ्याकडे आहे. तुझ्या दोन्ही पत्रांवर स्टेशनजवळच्या पोस्टाचा शिक्का आहे. कोपऱ्यावरच्या पेटीतलं टपाल तिकडे जात नाही, त्याचं पोस्ट वेगळं. स्टेशनजवळ शेजारीणकाकूंचं ऑफिस आहे.

तू जिना उतरतच नाहीस ना? एकदा तरी उतरलास का?

मला राग आलाय आणि रडूही येतंय. मला खोटं सांगितलंस म्हणून नाही. पंधरा-पंधरा मैल चालणारा माझा मामा खुर्चीला चिकटून बसलाय आणि हे मला शिक्क्यावरून कळतंय, म्हणून.

भिंगरी


१६ ऑक्टोबर

मामा,

उत्तर नाही. गेममध्ये तुझ्या नावापुढे 'शेवटचे दर्शन: बारा दिवसांपूर्वी' असं येतंय. सरदार प्रत्येक रविवारी विचारतो, "पोस्टमनकाका कुठेत?" मी सांगते, रुसलेत.

मागच्या पत्रात मी जास्त बोलले असेन. पण जे लिहिलं ते खरं होतं, तेव्हा माफी फक्त सुराची मागते.

तू खेळू नकोस, लिहू नकोस, हवं तर मला शिव्या दे. पाय मात्र हलव. दीड महिना उरलाय.

भिंगरी


३० ऑक्टोबर

भिंगरीस,

आशीर्वाद. रुसलो नव्हतो. लाजलो होतो. दोन्हींत माणूस भिंतीकडे तोंड करून बसतो, त्यामुळे लांबून सारखंच दिसतं.

खरं काय ते लिहितो. दवाखान्यातून घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जिना उतरायला गेलो. कुणाला न सांगता, ऐटीत. चौथ्या पायरीवर नवा गुडघा डगमगला आणि मी कठडा धरून खाली बसलो. लागलं काहीच नाही. पण तिथे बसून मी खालच्या चौदा पायऱ्या बघितल्या, आणि मला भीती वाटली. मी, ज्याने अर्धं शहर चढून उतरून काढलं, त्याला स्वतःच्या घराचा जिना दरीसारखा दिसला. बसल्या बसल्या सरकत वर आलो. ते कुणी बघितलं नाही, आणि मी कुणाला सांगितलं नाही. व्यायामवाली आली की पलंगावर पाय उचलून दाखवायचो आणि जिन्याचं उद्यावर ढकलायचो. तुझं शिक्क्याचं पत्र आलं तेव्हा माझा चेहरा बघण्यासारखा झाला असेल. शिकवलं कुणी, तर मीच.

यंत्र बंद करून ठेवलं होतं. पण पिशवीत गिरणीवालीचं पत्र होतं ना. दुसऱ्याचं टपाल अडवून ठेवायचा मला अधिकार नाही, मी कितीही लाजलेला असलो तरी. म्हणून पुन्हा गेलो. दुसरी फेरी केली, झोपडी बंद. परवा तिसरी केली. पुन्हा बंद. मी मागे वळलो आणि पिशवी उघडून बघतो तर पत्रावरची अक्षरं बदललेली. आधी होतं, 'नावाड्याला द्यावे.' आता झालंय, 'घेणारा सापडला नाही. परत.'

ही चूक नाही, भिंगरे. हा गेम ज्याने कुणी बनवलाय त्याच्या घरात कुणीतरी पोस्टात असणार.

त्या दिवशी यंत्र बंद केलं आणि विचार आला की जो खरा नाही अशा नावाड्याकडे मी तीन फेऱ्या मारल्या, आणि माझ्या खऱ्या जिन्यावर एक धड फेरी नाही. शेजारीणबाईंना हाक मारली. त्या दोन पायऱ्या पुढे, मी मागे. सातव्या पायरीपर्यंत गेलो. तिथे पाय थरथरले म्हणून बसलो. मग वर आलो. चालत, सरकत नाही.

ही पहिली फेरी. पुढचं वचन देत नाही.

या रविवारी दहाला गिरणीवालीला तिचं पत्र परत करायला निघतोय. हे पत्र तुला शनिवारपर्यंत मिळायला हवं, न मिळालं तर तुमच्या बाजूच्या पोस्टाला माझा निरोप सांग.

मामा


६ नोव्हेंबर

मामा,

पत्र शनिवारी दुपारी मिळालं. मी दारातच पायरीवर बसून वाचलं. त्यातलं बरंच काही तुला इथे न लिहिता भेटल्यावर सांगेन. फक्त एवढंच की मीही कामावरच्या पहिल्या आठवड्यात, आत अडकलेल्या माणसाचा आवाज ऐकून, फोन ठेवून दिला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. आता तुला माहीत आहे.

आता रविवारचं. तू एका बोटाने टाइप करतोस, त्यामुळे आम्हाला काय काय झालं ते तुला कळलेलंच नाही.

मी टोळीला सांगितलं, मामाला बंदोबस्त द्यायचाय. सगळे चिलखतं, ढाली, जळत्या तलवारी घेऊन झोपडीपाशी हजर. आणि तू काय लिहिलंस? "रांगेत चाला. पळायचं नाही." बस. पन्नासाव्या लेव्हलचे सहा जण, राक्षसांचे कर्दनकाळ, शाळेची सहल निघाल्यासारखे एका लेव्हल दोनच्या म्हाताऱ्यामागे चालायला लागले. लांडगे झोपलेले. सरदार म्हणाला, "सहा वर्षं झाली, ही वाट मी कधी नीट बघितलीच नव्हती. इथे फुलं आहेत." वाटेत लोक थांबून विचारायला लागले, हे काय चाललंय? सरदार सांगायचा, "टपाल." मग तेही रांगेत. गिरणीपर्यंत आपण बेचाळीस जण झालो होतो, मी मोजले.

तू पुढे झालास. मान हलवलीस. पत्र दिलंस. आणि ती बाई, जी सहा वर्षं त्याच पायरीवर बसून एकच वाक्य बोलायची, ती उठली, मामा. उभी राहिली. आमच्यापैकी कुणी तिला उभं बघितलेलं नव्हतं. म्हणाली, "म्हणजे तो नाही सापडला. मी रोज वाट बघायचे, पत्र पोचलं की नाही तेच कळायचं नाही. परत आणून दिलंस, आता मी कामाला लागते."

आणि आत गेली. आधी काही झालं नाही. सरदार लिहितो, "संपलं वाटतं." मग पाण्याचा आवाज आला आणि ते शेवाळलेलं चाक कुरकुरलं, अर्धं फिरून थांबलं, आणि फिरायला लागलं. फक्त आमच्यापुरतं नाही. त्या जगात जितकी माणसं होती त्या सगळ्यांना एक ओळ दिसली: 'उत्तरेची गिरणी सुरू झाली.' सहा वर्षं बंद पडलेली गिरणी. लोक चारी बाजूंनी धावत आले. ती नाचणारी बाईसुद्धा आली. लिफ्टमध्ये अडकलेले ते गृहस्थ आठवतात ना? त्यांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन केला. लिफ्ट चालू आहे, सहज केला, म्हणाले, "त्या पोस्टमनकाकांचं पुढे काय झालं?"

तू मात्र गिरणी फिरायला लागल्यावर लिहिलंस, "ठीक. आता जेवतो," आणि गायब. आम्ही एकेचाळीस जण तिथेच उभे. मग आम्ही सगळे नाचलो. तू नव्हतास म्हणून सांगते, बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गुडघ्याबद्दल मी विचारणार नाही. विचारायचं नाही असं ठरवलंय. बघ, चार ओळी झाल्या आणि मी विचारलेलं नाही.

भिंगरी


२० नोव्हेंबर

भिंगरीस,

जास्त लिहीत नाही. आधी पाकीट बघ. भिंग घे.

दुसऱ्या फेरीला फाटकापर्यंत गेलो होतो. तिसरी फेरी आज, आत्ता निघतोय, हे पत्र खिशात घालून. पाकिटावर कोपऱ्यावरच्या पेटीच्या पोस्टाचा शिक्का असला तर मी पोचलो असं समज. स्टेशनचा असला तर मला काही विचारू नकोस.

मामा


२५ नोव्हेंबर

मामा,

कोपऱ्यावरचा आहे. सकाळच्या थैलीतला.

पाकीट आमच्या ऑफिसच्या फलकावर लावलंय. शेजारी भिंग दोऱ्याने बांधलंय. येणारा जाणारा प्रत्येक जण बघतो आणि शिक्क्यात एवढं काय आहे ते कुणालाच कळत नाही. मी सांगते, मग ते पुन्हा भिंग उचलून बघतात. वरिष्ठ तर म्हणाले, "मामांना आमच्याकडून सांगा, आमच्यातही कुणीतरी असा तीन फेऱ्या मारणारा असता तर आपली लिफ्ट एव्हाना सुरू झाली असती." ती अजून बंदच आहे. बासष्ट पायऱ्या, दिवसातून दोनदा. माझे पाय तुझ्यापेक्षा दणकट होणार.

दोन तारखेची तपासणी झाली की लगेच कळव. मी वीस तारखेला आठ दिवसांची सुट्टी काढून येतेय. तोवर धीर धरवत नाही, पण लिफ्टमधली माणसं कुणाच्या भरवशावर सोडू?

सरदार विचारतोय, तुला टोळीत घ्यायचं तर हुद्दा काय द्यायचा. मी म्हटलं, तो स्वतःच ठरवेल.

भिंगरी


५ डिसेंबर

भिंगरीस,

आशीर्वाद. हे पत्र मी तुकड्यातुकड्याने लिहितोय, अक्षर हललं तर बसला बोल लाव, मला नको.

तपासणी झाली. व्यायामवालीने गुडघा वाकवून बघितला, कोनाचं माप घेतलं आणि म्हणाली, छान. मग म्हणाली, आता जिना चढून दाखवा. त्यांच्याकडे एक लाकडी जिना ठेवलाय, सराव करायला, चार पायऱ्यांचा. चार चढायच्या, चार उतरायच्या, वर नुसता कठडा. मी चढलो, उतरलो. ती म्हणाली, पास. मी म्हटलं, बाई, याला जिना म्हणत नाहीत. वर कुणाचं घर नाही, कुणाचं टपाल नाही, नुसतं चढायचं कशाला? तिला पटलं नाही. तुला पटेल.

म्हणून सकाळची पहिली बस धरली. सहा तास पाय लांब करून बसलो, मधल्या थांब्यावर दोन चकरा मारल्या. शेजारीणबाईंना सांगून निघालोय, त्यांनी पाण्याची बाटली आणि शंभर सूचना दिल्यात.

हुद्द्याचं सरदाराला सांग, वाटसरूच ठेवा. बढतीने पाय मोकळे होत नाहीत.

आता पहिल्या मजल्यावर आहे. एकवीस. तुमच्या जिन्याचा कठडा सैल आहे, तक्रार कर. भीती वाटली का, विचारशील. वाटली. नवव्या पायरीवर. मग तिथे थांबलो, लांडग्यांपाशी थांबलो होतो तसा, आणि नेहमीच्या चालीने पुढे निघालो.

दुसरा मजला. एकेचाळीस. खिडकीत बसून लिहितोय. समोर तुमची लिफ्ट दिसते, तिच्या दारावर 'लवकरच सुरू होईल' असा कागद चिकटवलाय, तो पिवळा पडलाय. एक बाई मला विचारून गेल्या, "आजोबा, मदत हवी का?" मी मान हलवून नमस्कार केला.

तिसरा मजला. दाराशी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, कुणाकडे काम आहे. मी म्हटलं, टपाल आहे, हातोहात द्यायचंय. त्यांनी फलकावरच्या भिंगाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि उठून उभे राहिले. त्यांच्याच हाती हे आत पाठवतोय.

पाकिटाला तिकीट नाही, शिक्का नाही, शोधू नकोस. फोनवर कुणी अडकलेलं असेल तर त्याला आधी बाहेर काढ, मला घाई नाही. मग बाहेर ये. आणि तुझी मोजणी चुकली आहे. बासष्ट नाहीत, त्रेसष्ट आहेत. दाराच्या उंबऱ्याची तू धरली नाहीस. मी तिच्यावर उभा आहे.

मामा